संभ्याला कोणी विचारलं?

‘त्या पोट्ट्यांच्या नादी लागू नको’ हे वाक्य नागपुरात बहुतेक घरांत एकदा तरी बोललं गेलेलं असतं. ते पोट्टे म्हणजे कोण, हे वेगळं सांगावं लागत नाही. भिंतीपलीकडचे, वस्तीतले, दिवसभर नाक्यावर टवाळक्या करणारे. नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ (२०२२) हा या पोट्ट्यांचा सिनेमा. अलीकडे तो पुन्हा पाहिला आणि या वेळी फुटबॉलपेक्षा दोस्तीकडे जास्त लक्ष गेलं.

सिनेमामागची खरी गोष्ट नागपूरचीच आहे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना भर पावसात काही मुलं फुटकी बादली फुटबॉलसारखी लाथाडताना दिसली. त्यातून २००१मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू झालं. पुढे ‘स्लम सॉकर’ या नावाने ते जगभर पोचलं. सिनेमात बारसेंचे विजय बोराडे झाले आणि ती भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली.

पहिल्या भागात बोराडे सर जे करतात, ते मला आजही थोर वाटतं. ही पोरं चालत्या मालगाडीतून कोळसा काढणारी, साखळ्या ओढणारी. सर त्यांना ‘चांगली संगत धरा’ असं सांगत नाहीत. ते बॉल देतात आणि खेळण्याचे पाचशे रुपयेही देतात. रोज तीच वेळ, तेच मैदान. मग एक दिवस पैसे बंद होतात, पण पोरांना आता खेळल्याशिवाय राहवत नाही. मुलांची दोस्ती कशी जमते, याचं इतकं सोपं उत्तर मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिलेलं नाही. ‘जा, मित्र कर’ म्हटल्याने कुणाला मित्र मिळत नाही. एक जागा, एक ठरलेली वेळ, सगळ्यांनी मिळून करायचं एक काम आणि उद्याही नक्की येणारा एक मोठा माणूस एवढं असलं, की बाकीचं पोरं आपलं आपण जमवतात.

दुसरा मोठा प्रसंग सरांच्या घरातला. सर पोरांना स्वतःबद्दल बोलायला सांगतात आणि लाजत, अडखळत एकेक जण बोलू लागतो. हीच पोरं दिवसरात्र एकमेकांसोबत असतात. तरी पाहताना वाटत राहतं, की शेजारी बसलेल्याची गोष्ट त्यांनीही बहुधा पहिल्यांदाच ऐकली असावी. सोबत असणं आणि ओळख असणं यांतलं अंतर इथे लख्ख दिसतं. क्लासच्या ग्रुपमध्ये दिवसभर मीम टाकूनही एकटं वाटणाऱ्या कुणालाही ते कळेल.

आता तक्रार. संभ्या आठवतो? आकाश ठोसरने केलेला. तो डॉनला (अंकुश गेडाम) सतत डिवचतो, त्याचा पाणउतारा करतो. डॉन सुधारायला निघाला तरी संभ्या त्याला सोडत नाही. शेवटी मारामारी, पोलीस केस आणि परदेशात खेळायला जायच्या वाटेत तीच केस आडवी. किशोरवयातल्या त्रासाचं हे अगदी खरं चित्र आहे. तुम्ही बदललात तरी तुमचा जुना वैरी बदललेला नसतो आणि रस्ता त्याच्याच गल्लीतून जातो.

पण सगळ्यांना ‘तुझं काय?’ असं विचारणारा हा सिनेमा संभ्याला ते विचारत नाही. त्याला हा डॉन इतका का खुपतो? दोस्त मैदानावर गेले, तेव्हा मागे उरलेल्याचं काय होतं? या प्रश्नांपाशी सिनेमा थांबत नाही. संभ्या नुसता अडथळा होऊन राहतो. ज्या नजरेविरुद्ध मंजुळेंनी तीन तासांचा सिनेमा उभा केला, ती ‘ते पोट्टे’वाली नजर इथे एका पोट्ट्यापुरती परत येते. मग तिढा सुटतो तो कोर्टात, बोराडे सरांच्या भाषणाने. भाषण न्यायाधीशांसाठी आहे, आपल्यासाठी आहे. डॉन आणि संभ्यामध्ये मात्र त्याने काहीच हलत नाही. विमान उडतं, वस्ती खाली राहते आणि तिथले हिशेबही.

‘पळालेल्यांची गोष्ट सांगायची, तर कुणीतरी मागे राहणारच,’ असं कुणी म्हणेल. मान्य. पण मुलांमधली भांडणं सोडवताना आपण मोठी माणसं नेमकं हेच करतो. मार खाणाऱ्याला शाळा बदलून देतो, क्लास बदलून देतो. मारणाऱ्याला ताकीद देतो आणि मोकळे होतो. पुढच्या वर्षी त्याला नवा डॉन सापडतो. मार खाणाऱ्याला आधी वाचवायलाच हवं, यात वाद नाही. त्यानंतर दुसऱ्यापाशीही कुणीतरी बसायला हवं, तेही उद्या पुन्हा येण्याच्या तयारीने.

‘झुंड’ जरूर पाहा. भिंतीपलीकडच्यांना नाव आणि गोष्ट देणारे असे सिनेमे आपल्याकडे थोडेच आहेत. पाहून झाल्यावर तुमच्या वर्गातला संभ्या आठवा. त्याच्याशी दोस्ती कराच असं मी म्हणणार नाही. पण तो संध्याकाळी कुठे जातो, हे कुणाला माहीत आहे का?