अल्पमात्रा सीटी स्कॅन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : एक चिकित्सा

सीटी स्कॅनचा रुग्णावर पहिला वापर १९७१ साली लंडनमध्ये झाला. या तंत्रामुळे निदान सुकर झाले. मात्र क्ष-किरणांच्या प्रारणाचा भार रुग्णाच्या शरीरावर पडतो. छातीच्या नेहमीच्या सीटी स्कॅनमध्ये ही मात्रा सुमारे ७ मिलिसिव्हर्ट असते, तर अल्पमात्रा स्कॅनमध्ये सुमारे १.५. वारंवार तपासणी कराव्या लागणाऱ्या रुग्णांच्या, विशेषतः बालकांच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

अडचण अशी की मात्रा एक चतुर्थांश केली तर चित्रातील कणीदारपणा साधारणतः दुप्पट होतो. येथे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य घेतले जाते. एकाच छेदाची कणीदार व स्वच्छ अशी दोन चित्रे संगणकाला दाखवून पहिल्यावरून दुसरे तयार करण्यास शिकवतात. २०१६ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या सहभागाने झालेल्या स्पर्धेत असाच चतुर्थांश मात्रेचा चित्रसंग्रह संशोधकांना देण्यात आला होता. २०१९ मध्ये जीई व कॅनन या कंपन्यांच्या अशा प्रणालींना अमेरिकेत मान्यता मिळाली.

या तंत्राची उपयुक्तता निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो ‘गुणवत्ता’ या शब्दाच्या अर्थाचा. डोळ्यांना सुखावणारे चित्र खरे असेलच असे नाही. सीटीच्या एका छेदात ५१२ गुणिले ५१२, म्हणजे २,६२,१४४ बिंदू असतात. त्यात चार मिलिमीटरची गाठ जेमतेम तीसेक बिंदू व्यापते. संपूर्ण चित्राची सरासरी चूक कमी करायला शिकलेल्या यंत्राने ते तीस बिंदू पुसले, तरी गुणांकनात फारसा फरक पडत नाही. रुग्णाच्या आयुष्यात मात्र पडतो. उर्दूत एका नुक्त्याने दुआचा दगा होतो. जुन्या हस्तलिखितातील ठिपका नुक्ता आहे की शाईचा डाग, हे ठरवताना जो विवेक लागतो, तोच येथेही अपेक्षित आहे. वेगार्ड अँटन, अँडर्स हॅन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली दाखवून दिले की, चित्राची पुनर्रचना करणाऱ्या अशा काही प्रणाली मूळ मोजमापात सूक्ष्म बदल होताच चित्र बिघडवतात, तर कधी लहान रचना टिपतच नाहीत.

पाठसंपादनाच्या शास्त्राने ही अडचण पूर्वीच ओळखली आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत संदिग्ध पाठाखाली नागमोडी रेघ दिलेली आढळते. संपादकाने निर्णय दिला, पण आपली शंका लपवली नाही. यंत्राने सुधारलेल्या चित्रात अशी रेघ सहसा नसते. अनुमान आणि मोजमाप एकाच ठामपणे समोर येतात.

आदिलाबादसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न अधिक जवळचा ठरतो. येथे २००८ साली राजीव गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. तेलुगू, मराठी, गोंडी, उर्दू बोलणाऱ्या या भागातील रुग्णाला पुन्हा तपासणीसाठी हैदराबाद किंवा नागपूर गाठणे सोपे नाही. शिवाय भारतीय रुग्णांच्या फुप्फुसांत जुन्या क्षयाचे व्रण पुष्कळदा दिसतात. असे व्रण क्वचितच पाहिलेल्या यंत्राने त्यांना काय मानावे, याची परीक्षा येथील रुग्णांच्या चित्रांवरच व्हायला हवी.

म्हणून तीन अपेक्षा रास्त ठरतात : सुधारलेल्या चित्रासोबत मूळ मोजमापही जपावे, चित्र यंत्राने सुधारले असल्याची नोंद अहवालात असावी, आणि यंत्राची पारख चित्राच्या नितळपणावर न करता, किती गाठी सापडल्या आणि किती निसटल्या, यावर करावी. तंत्रज्ञ घडवणाऱ्या महाविद्यालयांनी यंत्र चालवण्याबरोबर त्याच्यावर शंका घेण्याचे शिक्षणही दिले पाहिजे.