मिशनरी वाङ्मय आणि डोनावूरची अम्मा

परदेशी जाऊन अनाथ व उपेक्षित मुलांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती मिशनऱ्यांचे लेखन विपुल आहे. परंतु त्याकडे वाङ्मय म्हणून पाहण्याची आपल्याकडे चाल नाही. श्रद्धाळू वाचक ते प्रार्थनेच्या पुस्तकासारखे वाचतो, आणि धर्मांतराच्या शंकेने सावध झालेला वाचक ते उघडतच नाही. दोघेही लेखकाच्या हेतूचा निवाडा करतात. त्याच्या लेखणीचा निवाडा कोणीच करीत नाही. तो करून पाहण्याचा हा अल्प प्रयत्न आहे, आणि त्यासाठी आम्ही एमी कारमायकेल या लेखिकेची निवड केली आहे. कारण या वाङ्मयाचे जे उत्तम आहे ते तिच्यापाशी आहे; आणि जे मूळचे वैगुण्य आहे त्यातून तीही सुटलेली नाही.

कारमायकेलबाईंचा जन्म इ. स. १८६७ मध्ये आयर्लंडच्या उत्तर भागातील मिलाइल या गावी झाला. तारुण्यात त्यांनी बेलफास्टच्या गिरण्यांतील गरीब मुलींमध्ये काम केले, काही काळ जपानात घालविला, आणि १८९५ साली त्या हिंदुस्थानात आल्या. त्यानंतर १९५१ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे पंचावन्न वर्षे, त्या एकदाही मायदेशी परतल्या नाहीत. मार्च १९०१ मध्ये देवळाला वाहण्यासाठी ठेवलेली सुमारे सात वर्षांची एक मुलगी पळून त्यांच्या आश्रयास आली. यापूर्वी ती एकदा पळाली होती, तेव्हा तिला परत धाडण्यात आले होते आणि शिक्षा म्हणून तिचे हात डागण्यात आले होते. या एका मुलीपासून तिरुनेलवेली प्रांतातील डोनावूर येथे शेकडो मुलांचे घर उभे राहिले. ही मुले बाईंना 'अम्मा' म्हणत.

आता पुस्तकांकडे वळू. मिशनरी वाङ्मयाचा जन्म देणगीदारास लिहिलेल्या पत्रात झाला, ही गोष्ट त्याच्या टीकाकाराने कधीही विसरू नये. खुद्द डोनावूर हे गावाचे नावदेखील डोना नावाच्या एका जर्मन सरदार दात्यावरून पडले आहे! दात्यास आपल्या पैशाचे फळ पाहावयाचे असते. म्हणून या वाङ्मयात एक ठरीव साचा निर्माण झाला: आधी अंधार, मग मिशनरीचे आगमन, नंतर प्रकाश, आधी चिंध्यांतले मूल, नंतर तेच मूल स्वच्छ कपड्यांत हसताना. हा साचा खोटाच असतो असे नव्हे. परंतु सत्याला ठरलेल्या मापात बसवावयाचे म्हटले की त्याची काही बोटे छाटावी लागतात.

कारमायकेलबाईंचे मोठेपण हे की, त्यांनी ही छाटणी नाकारली. 'थिंग्ज ॲज दे आर' हे त्यांचे पुस्तक १९०३ साली प्रसिद्ध झाले. त्यात विजयाची वार्ता थोडी आणि नकाराची फार. गावोगाव मिटलेली दारे, ऐकून घेऊन उठून जाणारी माणसे, ओढ असूनही घरच्यांच्या धाकाने मागे फिरणाऱ्या मुली, हा त्याचा विषय. हस्तलिखित प्रथम मायदेशी गेले तेव्हा ते फार निराशाजनक ठरून परत आले. अधिक उत्साहवर्धक करून द्यावे, अशी अपेक्षा होती. बाईंनी तसे केले नाही. पुढे ते छापले गेले तेव्हा त्याच्या खरेपणाविषयी शंका निघाल्या, आणि नंतरच्या आवृत्तीत इतर मिशनऱ्यांच्या साक्षी जोडाव्या लागल्या. ज्या वाङ्मयाचा वाचकवर्ग सुखान्त कथेसाठीच पैसे मोजतो, त्यात राहून त्याला सुखान्त न देणे, यास केवळ प्रामाणिकपणा नव्हे, तर वाङ्मयीन धैर्य लागते. पैशासाठी उघड याचना करावयाची नाही, हा त्यांचा नियमही याच वृत्तीचा द्योतक होय.

परंतु येथेच आमचा आक्षेप सुरू होतो. नकार देणाऱ्या माणसांचे चित्र काढताना या लेखिकेची नजर एकदम जाड होते. मूल समोर असले की तिला त्याच्या पापणीची हालचाल दिसते. मुलाचे घर समोर आले की तिला केवळ काळोख दिसतो. भाषा युद्धाची होते, आणि जी आई मुलीला परत नेण्यास येते ती आई न राहता शत्रूपक्षाची शिपाई होते.

डोनावूरचा एक रिवाज या दृष्टीने फार बोलका आहे. पुष्कळ मुलांच्या जन्मतिथी ठाऊक नसल्यामुळे तेथे वाढदिवसाऐवजी मूल ज्या दिवशी त्या घरात आले तो 'आगमनाचा दिवस' साजरा करीत. ज्याच्या जन्माचा कोणाला आनंद झाला नाही, त्याच्या येण्याचा आनंद दरसाल करावयाचा, यात केवढे वात्सल्य आहे! आणि तरीही, याच रिवाजात असे गृहीत धरलेले आहे की मुलाचे आयुष्य त्या दिवशी सुरू झाले. त्यापूर्वीचे जे काही होते ते मोजण्यासारखे नव्हते. व्यवहारात हा रिवाज करुणेचा आहे. पण तोच वाङ्मयाचा नियम झाला, म्हणजे मुलाचा भूतकाळ पुसला जातो.

तो भूतकाळ केवळ काळोख होता काय? देवळाला मुली वाहण्याची चाल क्रूर होती, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. आपल्याकडील मुरळ्यांची कथा काही निराळी नाही. परंतु याच समाजांनी नृत्य व गायन जतन केले. गोमंतकातील कलावंतांच्या घराण्यांनी आपल्या संगीतास काय दिले ते मराठी रसिकास सांगावयास नको. आणि चालीविरुद्धचा लढाही केवळ बाहेरून आला नाही. मद्रासच्या कायदेमंडळात हा प्रश्न लावून धरणाऱ्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची आई स्वतः त्याच समाजातील होती. १९४७ साली मद्रास प्रांतात देवदासीप्रतिबंधक कायदा झाला, त्यामागे त्यांचे अनेक वर्षांचे श्रम होते. ज्या घराला मिशनरी लेखिका केवळ काळोख म्हणते, त्याच घरातून दिवा घेऊन निघणारी मुलगीही असू शकते, ही शक्यता तिच्या पुस्तकांत कोठेच नाही.

या उणिवेचे कारण आम्हांस लेखिकेच्या हृदयात नव्हे, तर तिच्या वाचकवर्गात दिसते. ती तमिळ शिकली, देशी वेष तिने स्वीकारला; पण लिहिले इंग्रजीत, आणि दूरच्या वाचकासाठी. ज्या आईविषयी ती लिहीत होती ती आई ते पुस्तक वाचून उलट उत्तर देईल, ही भीती तिला नव्हती. लेखकास अशी भीती असणे फार हितावह असते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. त्यांतही धर्मांतर आहे, मिशनरी आहेत, परक्या मुलांचा सांभाळ आहे. पण लक्ष्मीबाई ज्यांच्याविषयी लिहितात तीच माणसे शेजारी बसून वाचणार, हसणार, भांडणार! म्हणून त्यांच्या लेखनात सोवळ्यातील नातलग राक्षस होत नाहीत आणि मिशनरी देवदूत होत नाहीत. ही तुलना काहीशी विषम आहे, हे आम्ही जाणतो; एक आपल्या अंगणात बसून लिहीत होती, दुसरी परक्या. परंतु परक्या अंगणात लिहिणाऱ्याचे उत्तरदायित्व कमी नसून अधिक असते.

पुढील चरित्रकारांनी साचा पुन्हा घट्ट केला. लहानपणी निळ्या डोळ्यांसाठी प्रार्थना केली, ती फळली नाही, आणि पुढे तपकिरी डोळेच हिंदुस्थानात उपयोगी पडले, ही आख्यायिका ते मोठ्या आवडीने सांगतात. यास काहीसा अपवाद एलिझाबेथ इलियट यांच्या १९८७ च्या चरित्राचा. इक्वाडोरमध्ये स्वतः मिशनरी राहिलेल्या या लेखिकेने बाईंच्या करारी स्वभावाची कठोर बाजू झाकून ठेविली नाही.

१९३१ साली पडून जायबंदी झाल्यावर कारमायकेलबाईंनी जवळजवळ वीस वर्षे अंथरुणावर काढली आणि तेथूनही पुष्कळ लिहिले. आपल्या थडग्यावर दगड नको, असे त्यांनी सांगून ठेविले होते. मुलांनी तेथे पाखरांसाठी पाण्याचे एक पात्र ठेविले आणि त्यावर एकच शब्द कोरला: 'अम्मा'. पस्तीसांवर पुस्तके बाईंनी लिहिली; मुलांनी बाईंविषयी एक शब्द लिहिला, तो त्यांच्या स्वतःच्या भाषेतला. बाईंच्या कार्याला याहून मोठे प्रशस्तिपत्र आम्हांस ठाऊक नाही. आणि बाईंच्या पुस्तकांत नेमके काय राहून गेले, हेही हाच शब्द सांगतो.