आठवड्याचा विषय आणि घरची खिडकी

दर आठवड्यास एक विषय नेमून घरच्या घरीं छायाचित्रें घेण्याचा उपक्रम अलीकडे पुष्कळ हौशी मंडळी करतात. 'सावली', 'एकांत' असे बावन्न शब्द वर्षारंभींच ठरतात. यांतील नियमितपणा स्तुत्य आहे. आमचा आक्षेप आहे तो यादीवर. शब्द आधीं ठरला कीं डोळा वस्तु पाहत नाहीं, उदाहरण शोधतो. 'एकांता'साठीं रिकामी खुर्ची मांडली जाते, आणि खरोखर एकटी बसलेली आजी चौकटीबाहेर राहते.

प्रागच्या योसेफ सुदेकचें काम याच्याशीं ताडून पाहावें. पहिल्या महायुद्धांत उजवा हात गमावलेल्या या कलावंतानें १९४० ते १९५४ पर्यंत आपल्या स्टुडिओच्या खिडकीचीं चित्रें घेतलीं. १९४५ पर्यंत बाहेर जर्मनांचा अंमल होता. विषय एकच, परंतु काचेवरचें दंव, पाण्याचे ओघळ, पलीकडचें वांकडें झाड हीं दर वेळीं निराळीं दिसतात. तेथें नवीनता विषयानें आणलेली नाहीं, पाहण्यानें आणली आहे.

म्हणून आम्ही सुचवितों कीं, बावन्न विषयांऐवजीं बावन्न आठवडे एकच माणूस पाहावें. लग्नमुंजींचीं चित्रें घरोघर आहेत. रोजच्या आजीचें मात्र क्वचितच असतें, आणि तिच्यापाशीं वेळ थोडा आहे.