खेळ आपला, किल्ली दुकानदाराची

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी एका माध्यमिक शाळेतील विज्ञान शिक्षिकेने आम्हाला एक प्रश्न विचारला. नववी-दहावीच्या मुलांना गुरुत्वाकर्षण आणि उपग्रहांच्या कक्षा शिकवताना ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ हा संगणकीय खेळ वापरावा असे त्यांच्या मनात होते. निवड उत्तम आहे. या खेळात मुले स्वतः अग्निबाण जुळवतात, इंधन किती घ्यायचे ते ठरवतात. कक्षेत जायचे तर नुसते उंच जाऊन भागत नाही, पुरेसा आडवा वेगही मिळवावा लागतो, हे चार-सहा याने कोसळली की कोणी न सांगता त्यांना कळते. खेळ ‘स्टीम’ आणि ‘जीओजी’ या दोन्ही इंटरनेटवरील दुकानांत मिळतो. बाईंनी विचारले, कोठून घ्यावा? आणि जाता जाता आणखी एक : घेतल्यावर तो माझाच राहील ना?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींत देता आले असते. दुसऱ्याने मात्र आम्हाला थांबवले.

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुनी पाठ्यपुस्तके विकताना किंवा घेताना कोणी प्रकाशकाची परवानगी मागत नाही. मजकुरावरचा हक्क लेखक-प्रकाशकाचा, पण हातातली प्रत आपली, हा भेद शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. तो सहजासहजी मिळालेला नाही. अमेरिकेत एका प्रकाशकाने आपल्या कादंबरीत सूचनाच छापली होती, की एक डॉलरपेक्षा कमी किमतीला ती विकल्यास तो आमच्या हक्काचा भंग समजला जाईल. एका मोठ्या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९०८ साली निकाल लागला तो दुकानाच्या बाजूने. एकदा विकलेल्या प्रतीच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाची सत्ता चालत नाही, असे त्या निकालाचे सार आहे. खेळ सीडीवर मिळत होते तोवर त्यांचेही असेच चालले. थोरल्याचा खेळून झाला की धाकट्याकडे, तेथून शेजाऱ्याकडे.

यात बदल कसा झाला हे समजण्यासाठी स्टीमचा जन्म पाहावा लागेल. ‘व्हॉल्व्ह’ या अमेरिकन कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये स्टीम सुरू केले, ते मुख्यतः आपल्याच खेळांतील दुरुस्त्या ग्राहकांपर्यंत पोचवण्यासाठी. नोव्हेंबर २००४ मध्ये तिचा ‘हाफ-लाइफ २’ हा खेळ आला. दुकानातून खोका आणला, तबकडी संगणकात घातली, तरीही इंटरनेटवरून स्टीममध्ये नोंदणी केल्याखेरीज खेळ सुरू होत नसे. तबकडी हातात होती, पण तिच्यात असलेली एक गोष्ट निघून गेली होती. पुढे तबकडीही गेली.

नेमके काय निघून गेले? समजा, एखाद्या विद्यार्थ्याकडे शाळा सोडल्याचा दाखला आहे. त्यावर मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का आहे. तो जगात कोठेही दाखवता येतो. उद्या शाळा बंद पडली तरी दाखला खोटा ठरत नाही. आता अशी कल्पना करा, की दाखल्यावरचा शिक्का काही दिवसांनी पुसट होतो आणि प्रत्येक वेळी शाळेत जाऊन तो नव्याने उमटवून घ्यावा लागतो. कुलूपबंद खेळ असेच चालतात. खेळाच्या फाइली तुमच्या संगणकावर पूर्णपणे उतरलेल्या असतात, त्यांत काहीही कमी नसते. पण सुरू होताना आज्ञावली दुकानाच्या सर्व्हरने दिलेला, त्याच्या गुप्त किल्लीने शिक्कामोर्तब केलेला परवाना शोधते. तो नसेल तर ती पुढे सरकत नाही. गुप्त किल्ली दुकानाकडेच राहत असल्याने नवा शिक्का घरी तयार करता येत नाही. याच व्यवस्थेला डीआरएम म्हणतात. स्टीमवर इंटरनेटशिवाय खेळण्याची सोय आहे, पण तीही आधी एकदा शिक्का मिळाल्यानंतरची.

आम्हाला याची चव खेळातून नव्हे, प्रयोगशाळेत मिळाली. एका वर्णपटमापकाबरोबर आलेली आज्ञावली संगणकाच्या पाठीमागे खोचायच्या एका लहानशा किल्लीवर चालत असे. कंपनी दुसरीत विलीन झाली, नवी किल्ली मिळेना. कित्येक वर्षांची मोजमापे अशा फाइलींत अडकली, की त्या त्या एकाच आज्ञावलीला उघडतात. तो जुना संगणक अजून आम्ही देवघरातल्या टाकासारखा जपतो. मोजमापे आमची, वीज आमची, रात्री जागलेले विद्यार्थी आमचे. ती वाचू द्यायची की नाही हे ठरवणारे मात्र कोणी तिसरेच.

शाळांच्या दृष्टीने याहून बोचरे उदाहरण स्टीमचेच आहे. १ जानेवारी २०२४ पासून स्टीमने विंडोज ७, ८ आणि ८.१ या प्रणालींचा पाठिंबा थांबवला. कारणे तांत्रिक आहेत आणि खोटी नाहीत. पण शाळेच्या संगणक कक्षात जुनी यंत्रे असतातच. त्यांवर एखादा दहा वर्षांपूर्वीचा खेळ व्यवस्थित चालत असे. खेळात काही बिघडले नाही, यंत्रात नाही. दाराशी बसलेला पहारेकरी तेवढा यापुढे त्या यंत्रावर चालेल याची हमी उरली नाही.

सर्वांत मोठा गाजावाजा झाला तो युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या खेळाचा. डिसेंबर २०१४ मध्ये आलेला हा खेळ एकट्याने खेळतानाही सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद केले गेले, आणि नंतर पैसे भरून घेतलेल्यांचे परवानेही काढून घेण्यात आले. ज्यांच्याकडे तबकडी होती त्यांनाही तिचा उपयोग उरला नाही. यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि युरोपीय संघाकडे करायच्या तिच्या नागरी मागणीवर जुलै २०२५ अखेर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. मागणी मोफत सेवेची नाही. विकलेला खेळ बंद करताना तो चालण्याजोग्या अवस्थेत सोडावा, एवढीच आहे.

कॅलिफोर्निया राज्याने सप्टेंबर २०२४ मध्ये एक कायदा केला; तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल तर तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी’ हा शब्द वापरू नये, असे तो सांगतो. ऑक्टोबर २०२४ मध्येच स्टीमवर पैसे भरण्याच्या पानावर तशी सूचना दिसू लागली. या कायद्याचे कौतुक बरेच झाले. आमचे मत थोडे वेगळे आहे. बाटलीवर नवी चिठ्ठी लावल्याने आतले द्रावण बदलत नाही. चिठ्ठी खरी असणे चांगलेच, पण इतकी वर्षे ती खोटी होती हे त्यातून आपोआप सिद्ध होते, आणि त्याबद्दल कोणी काही बोलले नाही.

या कायद्यात एक सूट आहे : जी वस्तू ग्राहकाला कायमची उतरवून घेता येते आणि इंटरनेटशिवाय वापरता येते, तिला ही अट नाही. येथे जीओजीचा प्रवेश होतो. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट या कंपनीने २००८ मध्ये ‘गुड ओल्ड गेम्स’ या नावाने हे दुकान काढले. जुने खेळ डॉसबॉक्ससारख्या साधनांच्या मदतीने आजच्या संगणकांवर चालते करून कुलपाशिवाय विकायचे, ही मूळ कल्पना. आजही तेथून घेतलेल्या खेळाची स्थापना-फाइल आपण स्वतःकडे ठेवू शकतो. दुकान उद्या बुडाले तरी ती चालेल.

कुलपाशिवाय विकले तर चोरी होऊन धंदा बुडेल, हा आक्षेप जुना आहे. सीडी प्रोजेक्टचाच ‘द विचर ३’ २०१५ मध्ये पहिल्या दिवसापासून जीओजीवर कुलपाशिवाय उपलब्ध होता. २०२३ पर्यंत सर्व दुकाने मिळून त्याच्या पाच कोटींहून अधिक प्रती खपल्या. एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही, हे आम्ही विद्यार्थ्यांना रोजच सांगतो. पण ‘बुडणारच’ असे ठामपणे म्हणणाऱ्याला खोडायला एक उदाहरण पुरते.

तरीही जीओजीचे भाट होण्याचे कारण नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये याच दुकानाने ‘हिटमॅन’ हा खेळ विक्रीला ठेवला, त्यातील बराच भाग सर्व्हरशी जोडल्याशिवाय मिळत नव्हता. ग्राहक खवळले, पुढच्याच महिन्यात खेळ काढावा लागला. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये ‘डिव्होशन’ या तैवानी खेळाच्या विक्रीची घोषणा करून त्याच दिवशी ती मागे घेतली गेली. खेळाडूंचे अनेक संदेश आले, एवढेच कारण दिले गेले. काय विकावे हे दुकानदाराने ठरवावे हे मान्य, पण जुने-नवे खेळ जतन करण्याची भाषा करणाऱ्याला हे शोभले नाही. आणि मुख्य म्हणजे कायद्याच्या भाषेत जीओजीसुद्धा परवानाच देते.

आपल्याकडे ताबा आणि मालकी हे दोन शब्द वेगळे आहेत, आणि सातबाराच्या उताऱ्यासाठी तलाठी कार्यालयात उभे राहिलेल्या कोणालाही त्यांतले अंतर समजावून सांगावे लागत नाही. जीओजी तुम्हाला ताबा देते, मालकी नाही. स्टीमवर बहुधा ताबाही पूर्ण नसतो. आम्हाला यावरून मुंबईची पागडी आठवते. पागडीवाला भाडेकरू एकरकमी मोठी रक्कम मोजतो, तरी घरमालक होत नाही. पण त्याला निदान घरमालकाचा वाटा देऊन आपली जागा दुसऱ्याच्या नावे करता येते. स्टीमच्या करारात खाते कोणाच्याही नावे करता येत नाही. फ्रान्समधील एका ग्राहक संघटनेने याविरुद्ध दावा केला. २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने उतरवून घेतलेले खेळ पुन्हा विकता येतील असा निकाल दिला. अपिलात तो फिरला आणि २०२४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने व्हॉल्व्हच्या बाजूने शेवटचा शिक्का मारला. म्हणजे स्टीमचे ग्राहक पागडीवाल्याहून खालच्या पायरीवर आहेत.

‘एपिक’ हे तिसरे दुकान डिसेंबर २०१८ मध्ये आले. सुरुवातीला ते खेळ करणाऱ्यांकडून सरसकट १२ टक्के घेत असे. स्टीम बहुतेकांकडून ३० टक्के घेते, फार मोठ्या खपावर २५ आणि २० पर्यंत उतरते. खेळ करणाऱ्यांना हा फरक मोठा आहे. ग्राहकाच्या हक्काच्या बाबतीत मात्र एपिकने काही नवे दिलेले नाही. फुकट वाटलेल्या खेळांनी मुलांची खाती भरतात, त्यातले किती उघडले जातात कोण जाणे.

आता बाईंचा प्रश्न. आम्ही त्यांना एक प्रयोग सुचवला, तो कोणालाही करता येईल. खेळ उतरवून घ्यावा, संगणकाची इंटरनेट जोडणी काढावी, दुकानाची आज्ञावली बंद करावी, खेळाची फोल्डर दुसऱ्या, त्या दुकानाची कधी ओळख नसलेल्या संगणकावर न्यावी आणि चालवून पाहावी. गंमत अशी, की कर्बलच्या बाबतीत स्टीमवरून घेतलेली प्रतही या परीक्षेत उत्तीर्ण होते. करणाऱ्यांनी तिला कुलूपच लावलेले नाही. स्टीमवर असे बरेच खेळ आहेत, पण विक्रीच्या पानावर ते सरसकट सांगितले जात नाही. तेव्हा केवळ दुकानाच्या पाटीवरून निर्णय करता येत नाही. जीओजीवर ही परीक्षा घ्यावी लागू नये अशी अपेक्षा असते, स्टीमवर ती दर खेळाला घ्यावी लागते. आम्हाला जीओजी उजवे वाटते ते एवढ्यासाठीच. (एक सावधगिरी : याच खेळाचा दुसरा भाग फेब्रुवारी २०२३ पासून अपुऱ्या अवस्थेत विकला गेला आणि तो करणारी संस्था २०२४ मध्ये बंद पडली. घेताना आकडा पाहून घ्यावा.)

ताबा मिळाला की राखणही आपल्याकडे येते. स्थापना-फाइल दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवावी, आणि वर्षातून एकदा दोन्ही प्रती ताडून पाहाव्यात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ कायदेशीर ताबा असलेल्याला आज्ञावलीची अशी राखीव प्रत करण्याची मुभा देते. मात्र २०१२ मध्ये आलेले कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणे हा गुन्हा ठरवते.

आणि ही मुभा वीस संगणकांसाठी नाही. दोन्ही दुकानांचा परवाना वैयक्तिक वापरापुरता असतो. फाइलला कुलूप नाही म्हणून ती कक्षातल्या सगळ्या यंत्रांवर टाकणे सहज जमेल, पण ते करू नये. शाळेसाठी प्रकाशकाची स्वतंत्र परवानगी मागावी. बाईंनी तसे पत्र पाठवले आहे. उत्तर यायचे आहे. खेळ त्यांनी जीओजीवरून घेतला, एक प्रत घरी आणि एक पेन ड्राइव्हवर. तोवर आपलाच लॅपटॉप वर्गात नेऊन त्या एकेका मुलाला पुढे बोलावतात. पहिल्या तासाला आठ याने कोसळली, नववे कक्षेत गेले, असे त्यांनी कळवले आहे.