पाणंद, वहिवाट आणि पादचारी-सुलभता : मालवणच्या दांडी-वायरी परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

नगररचनेच्या परिभाषेत गेल्या दोन-अडीच दशकांत 'वॉकेबिलिटी' ही संज्ञा चांगलीच रुळली आहे. मराठीत तिच्यासाठी 'पादचारी-सुलभता' हा शब्द वापरता येईल. एखाद्या वस्तीत पायी चालणे कितपत सुरक्षित, सोयीचे आणि सुखावह आहे, याचा अंदाज या संज्ञेने व्यक्त होतो आणि तो गुणांच्या रूपात मांडण्याची पद्धतही आता स्थिर झाली आहे. महानगरांच्या बाबतीत ही पद्धत उपयुक्त ठरली, याविषयी दुमत नसावे. प्रश्न उभा राहतो तो हीच मोजपट्टी लहान गावातील वाडीला लावली म्हणजे. २०११ च्या जनगणनेनुसार १८,६४८ लोकवस्तीचे मालवण शहर, त्यातील सिंधुदुर्ग किल्ल्यासमोरची दांडी आणि तिला लागून दक्षिणेकडे तारकर्लीच्या दिशेने पसरलेली वायरी हा परिसर प्रस्तुत लेखात उदाहरणादाखल घेतला आहे. या परिसरात माणसे पिढ्यानपिढ्या पायी वावरत आली आहेत. मात्र महानगरी अर्थाचा पदपथ येथे अपवादानेच आढळतो. रूढ निर्देशांकाने पाहिल्यास हा परिसर अनुत्तीर्ण ठरेल. हा निकाल कितपत ग्राह्य मानावा आणि तो नाकारताना कशाकडे डोळेझाक होण्याचा संभव आहे, याची चिकित्सा येथे करावयाची आहे.

मोजपट्टीचे गृहीतक

जागतिक बँकेसाठी हॉली क्राम्बेक यांनी २००६ च्या सुमारास तयार केलेल्या 'ग्लोबल वॉकेबिलिटी इंडेक्स'मध्ये पदपथाची उपलब्धता, वाहनांशी होणारा संघर्ष, रस्ता ओलांडण्याची सोय, वाहनचालकांचे वर्तन, अडथळे, अपंगांसाठीच्या सुविधा इत्यादी निकष आहेत. भारत सरकारच्या नगरविकास मंत्रालयासाठी २००८ मध्ये झालेल्या ३० शहरांच्या वाहतूक अभ्यासातही पदपथाची उपलब्धता आणि पादचारी सोयींचा दर्जा यांवरूनच निर्देशांक काढण्यात आला. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे (२०१२) पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी मागतात. या सर्वांमागे एकच चित्र आहे : मध्ये वाहनांचा रस्ता आणि त्याच्या कडेला माणसांसाठी राखलेली पट्टी. पादचारी हा रस्त्याच्या कडेचा रहिवासी आहे, असे हे चित्र मानते.

दांडीसारख्या वाडीत हे चित्र मुळातच लागू पडत नाही. येथील पारंपरिक वाट रस्त्याच्या कडेने जात नाही. ती रस्त्याला टाळून जाते. ज्या गावात पदपथच नाही तेथे पदपथावरील अतिक्रमणही नाही, तेव्हा 'अडथळे' या रकान्यात पैकीच्या पैकी गुण द्यावेत की शून्य, असा प्रश्न पाहणी करणाऱ्यास पडावा. शिवाय सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एकाच ऋतूत केलेल्या पाहणीतून मिळालेला आकडा जानेवारीतील वाट आणि जुलैमधील वाट यांतील अंतर कसे सांगणार?

पाणंद

मालवणी मुलखात पाणंद म्हणजे दोन गडग्यांच्या मधून जाणारी अरुंद वाट. दोन्ही बाजूंस जांभ्या दगडाचे कमरेएवढे किंवा त्याहून थोडे उंच गडगे, आत माडांची किंवा आंब्या-फणसाची परडी, आणि मधल्या पट्टीतून दोन माणसे एकमेकांना वाट देत जातील एवढीच जागा. परडीत उतरण्यासाठी गडग्यात ठेवलेली खाच, चढावर बसवलेले चार-दोन चिरे, व्हाळावर आडवा टाकलेला साकव, अशा गोष्टी तिच्याबरोबर येतात. पाणंदीला वळणे पुष्कळ. ती झाडाला वळसा घालते, विहिरीपाशी रुंदावते आणि कित्येकदा एखाद्या घराच्या खळ्यातूनच पुढे निघते. येथे वाहन शिरू शकत नाही. वाहनापासूनची सुरक्षितता, जिच्यासाठी महानगरात कठडे आणि उंचवटे बांधावे लागतात, ती येथे रचनेतच अंतर्भूत आहे.

ही वाट कोणासाठी महत्त्वाची आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते. किनाऱ्यावरील लिलावातून मासळी घेऊन डोक्यावरच्या पाटीने ती घरोघर विकणारी स्त्री, शाळकरी मुले, देवदर्शनास जाणारी वृद्ध मंडळी यांचा वावर प्रामुख्याने या वाटांवरून होतो. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ पर्यंत उतरली. दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या. कमावता वर्ग मुंबईस आणि घरी स्त्रिया व वयस्कर माणसे, हे कोकणातील जुने वास्तव या आकड्यांतून डोकावते. घरात गाडी चालवणारे कोणी नसेल, तर बाजार आणि दवाखाना गाठण्याचे साधन म्हणजे स्वतःचे पायच.

तथापि, पाणंदीचे गुणगान करताना हात आखडता घेणेच बरे. कोकणाविषयीच्या स्मरणरंजनपर लेखनात पाणंद नेहमी सावलीची आणि निवांत असते. मृगानंतर चिऱ्यांवर चढणारे शेवाळ, पायाखालून वाहणारे पाणी, अंधारात जाणवणारे सरपटणाऱ्या प्राण्यांचे भय यांचा त्यात उल्लेख नसतो. गुडघे दुखणाऱ्या सत्तरीच्या बाईला हीच वाट पावसाचे चार महिने जवळजवळ बंद असते. चाकाच्या खुर्चीला तर ती बारा महिने बंदच. निर्देशांकातील अपंग-सुविधेचा निकष येथे पूर्णपणे न्याय्य आहे आणि त्यापुढे परंपरेची सबब टिकणारी नाही.

वहिवाट : शेजारधर्म आणि कायदा

काही पाणंदी नकाशावर सार्वजनिक वाट म्हणून नोंदलेल्या असतात. परंतु त्यांना जोडणाऱ्या अनेक लहान वाटा खासगी जमिनीतून जातात आणि त्या टिकून असतात त्या केवळ वहिवाटीवर. खळ्यातून जाणाऱ्यास घरातून 'खंय चललंस?' असा प्रश्न येतो, तो उत्तर देतो आणि पुढे जातो. एवढाच हा परवाना. पादचारी-सुलभतेची येथील खरी पायाभूत सुविधा कोणती, असे विचारल्यास ती हीच संमती होय, असे म्हणता येईल.

या संमतीचे कायद्यातील स्थान मात्र नाजूक आहे. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८९१ मध्ये मुंबई इलाख्यास लागू झाला. त्याच्या कलम १५ नुसार खासगी जमिनीवरील वाटेचा वापर सलग २० वर्षे, शांततेने, उघडपणे आणि हक्क म्हणून झालेला असावा लागतो. 'हक्क म्हणून' ही अट कळीची आहे. मालकाच्या परवानगीने केलेला वापर कितीही वर्षे चालला तरी त्यातून या कलमाखाली हक्क निर्माण होत नाही. म्हणजे शेजारी जितका मोकळ्या मनाचा, तितका चालणाऱ्याचा हक्क कच्चा. ज्याने वीस वर्षे शेजाऱ्याला न जुमानता वाट तुडवली त्याची बाजू भक्कम, आणि ज्याने दरवेळी हसून विचारले त्याच्या हाती काहीच नाही. कलम १८ मध्ये स्थानिक रूढीवर आधारित हक्काची तरतूद आहे. परंतु रूढी सिद्ध करण्याचा भार तिचा आधार घेणाऱ्यावरच पडतो, आणि मासळीची पाटी खाली ठेवून दिवाणी न्यायालयाची पायरी चढण्यास कोणास सवड आहे?

जमीन एका पिढीकडे असेपर्यंत ही त्रुटी जाणवत नाही. वाटणी झाली, अर्धा हिस्सा बाहेरच्या गुंतवणूकदारास विकला गेला आणि नव्या मालकाने आवारभिंत घातली की ती एकदम समोर येते. नवा मालक दुष्ट असतो असे नव्हे. त्याने घेतलेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या सदरात वाटेची नोंदच नसते; त्याने जे विकत घेतले त्यात ती वाट नव्हती.

सार्वजनिकतेचा दुसरा अर्थ

वहिवाट मोडली म्हणजे केवळ नुकसानच झाले, असे मानणे मात्र एकांगी ठरेल. कोणाला कोणाच्या खळ्यातून जाता येईल आणि कोणाला बाहेरून वळसा घ्यावा लागेल, हे पूर्वी जातीने ठरवलेले असे. वाट चालण्याचा हक्क हा या देशात दीर्घकाळ संघर्षाचा विषय होता. १९२४-२५ चा वायकोमचा सत्याग्रह मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्यासाठीच झाला. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव व स्नानघाट यांबरोबर रस्त्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे, पण तो राज्याच्या निधीतून राखलेल्या किंवा सर्वसाधारण जनतेच्या उपयोगासाठी समर्पित केलेल्या रस्त्यांचा. खासगी संमतीवर चालणारी वाट या संरक्षणात सहजासहजी बसत नाही. 'खंय चललंस?' या प्रश्नात आपुलकी असते तशी पाळतही असते, हे एकट्याने जाणाऱ्या तरुण मुलीस निराळे सांगावे लागत नाही.

नगरपरिषदेने किंवा ग्रामपंचायतीने एखादी पाणंद ताब्यात घेऊन तीवर सिमेंट काँक्रीट घातले, तेव्हा या दृष्टीने एक लोकशाही घटना घडली. वाट कोणाच्या मेहेरबानीची राहिली नाही. दिवे आले, शेवाळ कमी झाले. परंतु बहुधा त्याच कामात गडगे मागे हटवून रुंदी वाढवली जाते आणि सार्वजनिक झालेली वाट लगोलग दुचाकीची, मग रिक्षाची, मग पर्यटकांच्या मोटारीची होते. जांभ्याच्या वाटेत जिरणारे पाणी काँक्रीटवरून वाहत, कडेला गटार नसल्यास, सखल घराच्या पडवीकडे वळते. चालणाऱ्याला हक्क मिळाला, पण त्या हक्कात वाहन वाटेकरी झाले, आणि अरुंद जागेत दोघांचा वाटा समान राहू शकत नाही.

शासकीय भाषेत 'पाणंद' या शब्दाचे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. २०२१ मधील मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना किंवा २०२५ मध्ये शेतरस्त्यांची किमान रुंदी ३ ते ४ मीटर राखण्याविषयी झालेला महसूल विभागाचा निर्णय यांच्यासमोर घाटमाथ्यावरचे शेत आणि त्यात जाणारे ट्रॅक्टर व कापणीयंत्र आहे. तेथील गरज रास्तच आहे. पण त्याच शब्दाखाली कोकणातील दोन गडग्यांमधली पायवाट आली, तर 'सुधारणा' या नावाने तिचे मूळ स्वरूपच जाते. दांडी नगरपरिषद हद्दीत आणि वायरी भूतनाथ ग्रामपंचायतीत असल्याने एकाच वाटेच्या दोन टोकांस दोन वेगळी खाती भेटतात, ही अडचण आणखी निराळी.

किनाऱ्याकडे जाणारी वाट

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण क्षमतेने सुरू झाली आणि २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ खुला झाला. मालवण-तारकर्ली-देवबाग हा अरुंद रस्ता आज हंगामात वाहनांनी भरलेला असतो. दोन्ही बाजूंस घरे व माड असल्यामुळे त्याला पदपथ जोडण्यास जागाच नाही. पाणंदी बंद झाल्यामुळे चालणारा माणूस नेमका याच रस्त्यावर आणून सोडला जातो. २०२३ मध्ये देशात रस्ते अपघातांत मृत्यू पावलेल्या १,७२,८९० व्यक्तींपैकी ३५,२२१ पादचारी होते, ही गोष्ट येथे विसरता येत नाही.

समुद्राकडील वाटांविषयी कायद्याने एकेकाळी मोठी जागरूकता दाखवली होती. १९९१ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेतील मार्गदर्शक तत्त्वांनुसार किनाऱ्यावरील दोन हॉटेलांमध्ये लोकांना समुद्रापर्यंत जाण्यासाठी किमान २० मीटर रुंदीची मोकळी जागा ठेवणे आवश्यक होते. मालवणात मात्र मोठ्या हॉटेलांपेक्षा राहत्या घरांतील निवास-न्याहारीचा व्यवसाय फोफावला. ही गोष्ट स्थानिकांच्या हिताची आहे, यात शंका नाही. परंतु हॉटेल डोळ्यांसमोर ठेवून केलेला नियम शेजारी-शेजारी उभ्या राहिलेल्या चार-चार खोल्यांच्या निवासांना व्यवहारात लागत नाही, आणि पाहुण्यांच्या एकांतासाठी घातलेल्या एका कुंपणाने मागच्या दहा घरांची किनाऱ्याची वाट जाते.

माथेरानचे उदाहरण या संदर्भात पुष्कळदा दिले जाते. २००३ च्या पर्यावरणसंवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेने तेथील मोटारबंदी कायम राहिली आणि गाव पादचाऱ्यांचे राहिले. पण तेथे पाहुण्यांची सुलभता माणसांनी ओढलेल्या रिक्षांवर उभी होती. त्या बंद करण्याचे आदेश देण्यास सर्वोच्च न्यायालयाला २०२५ साल उजाडावे लागले. तेव्हा मोटारबंदी हा दांडीसाठी तयार उतारा होऊ शकत नाही. बर्फाची पेटी, जाळी आणि आजारी माणूस यांना गाडी लागतेच.

अधिक उपयोगी पडेल ती नोंद. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क हा अनुच्छेद २१ चा भाग असल्याचे म्हटले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बिगर-मोटार वाहतूक व पादचारी यांच्यासाठी नियम करण्याचे निर्देश राज्यांना दिले. हे नियम करताना 'पदपथ' या शब्दात केवळ रस्त्याकडेची पट्टी धरली गेली, तर कोकणातील वाडीला त्यांचा उपयोग होणार नाही. पाणंद ही रुंदी न वाढवता, केवळ पायी वावरासाठीची सार्वजनिक वाट म्हणून नकाशावर आणि 'इतर हक्कां'त नोंदवता आली, तर संमतीचा कच्चेपणा जाईल आणि वाहनही आत येणार नाही. खरबरीत चिरे, कडेला पाण्याची वाट, चढावर धरण्यास कठडा आणि शक्य तेथे पायऱ्यांऐवजी उतार एवढे त्यात करता येण्यासारखे आहे. पाहणीतही मग पदपथाची लांबी मोजण्याऐवजी घरापासून किनारा, शाळा, बाजार व दवाखाना येथवर मोटारीच्या रस्त्यास न लागता किती जणांना, किती महिने जाता येते, हे विचारावे लागेल.

तोपर्यंत हाताशी असलेला मार्ग म्हणजे १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम. त्याच्या कलम ५ मध्ये शेती आणि चराई यांबरोबर मासेमारीच्या जागांकडे जाणाऱ्या रूढ वाटांचाही समावेश आहे. मात्र अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि किनाऱ्याकडे कोणी फारसे फिरकत नाही. जूनमध्ये घातलेले कुंपण अनेकदा नारळी पौर्णिमेनंतरच, होडी लोटायला निघालेल्या माणसाच्या आड येते. त्या वेळी सहा महिन्यांतील दोन-अडीच महिने सरलेले असतात.