हेतुपूर्वक वजनघट आणि हृद्रोग : एका निष्कर्षाची तपासणी

हृद्रोग जडलेल्या स्थूल रुग्णास वजन उतरविण्याचा सल्ला देणे हा वैद्यकाचा जुना परिपाठ आहे. त्याविषयीची शंका दृढ झाली ती 2006 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका संकलनामुळे. 40 अभ्यासांतील सुमारे अडीच लक्ष हृद्रोग्यांच्या नोंदी त्यात एकत्र केल्या होत्या. मृत्यूचे प्रमाण कृश रुग्णांत अधिक, तर किंचित स्थूल रुग्णांत सर्वांत कमी आढळले. मग वजन घटविणे हितकर की घातक? 2014 साली 'मेयो क्लिनिक प्रोसीडिंग्ज'मध्ये पॅक व त्यांचे सहकारी यांनी ह्या प्रश्नाचा परामर्श घेतला. त्या निबंधाचे येथे परीक्षण करावयाचे आहे.

लेखकांनी 35,335 हृद्रोग्यांची माहिती एकत्र केली. वजन घटलेल्या सर्वांचा एकत्र विचार करता मृत्यू व हृदयविकाराचे गंभीर प्रसंग यांचा धोका सुमारे 30 टक्क्यांनी अधिक दिसला. परंतु आहार-व्यायामाच्या नियोजित कार्यक्रमात वजन घटलेल्यांना वेगळे काढताच त्यांचा धोका सुमारे 33 टक्क्यांनी कमी ठरला. उरलेल्यांचा 62 टक्क्यांनी अधिक. निबंधाचे खरे श्रेय ह्या भेदात आहे. कर्करोगाने वा हृदयाच्या वाढत्या दुर्बलतेने झिजणारा देह आणि प्रयत्नपूर्वक हलका केलेला देह तराजूवर सारखेच दिसतात. त्यांना एका रकान्यात घालणे हाच मूळ दोष होता.

तथापि, येथेच आक्षेपही घ्यावा लागतो. रुग्णाचा हेतू कोणी विचारला नव्हता. तो कार्यक्रमातील सहभागावरून गृहीत धरला गेला. लेखकांनी 'गृहीत' हा शब्द प्रामाणिकपणे योजला आहे. त्यांचा निष्कर्ष उद्धृत करणारे मात्र तो बहुधा गाळतात. शिवाय जो रुग्ण अशा कार्यक्रमास नियमित येऊ शकतो, तो मुळातच अधिक सशक्त, औषधे वेळेवर घेणारा व सवड असलेला असण्याचा संभव असतो. लाभ वजनघटीचा की ह्या अनुकूलतेचा, हे निरीक्षणातून ठरत नाही. त्यासाठी यादृच्छिक विभागणीचे प्रयोगच हवेत.

असे दोन मोठे प्रयोग उपलब्ध आहेत. अमेरिकेतील 'लुक अहेड' प्रयोगात 5,145 स्थूल मधुमेही होते. हृद्रोगाचा पूर्वेतिहास त्यांपैकी सुमारे 14 टक्क्यांनाच होता. पहिल्या वर्षी प्रयत्नगटाचे वजन 8.6 टक्क्यांनी उतरले. पण सुमारे साडेनऊ वर्षांनंतरही हृदयविकाराच्या प्रसंगांत लक्षणीय घट दिसली नाही. 2023 सालच्या 'सिलेक्ट' प्रयोगात मधुमेह नसलेले 17,604 हृद्रोगी होते. त्यांत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांपैकी 6.5 टक्क्यांना, तर निरौषध इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी 8.0 टक्क्यांना हृदयविकारजन्य मृत्यू, हृदयाघात वा पक्षाघात झाला. मात्र 2025 सालच्या विश्लेषणात पहिल्या 20 आठवड्यांत किती वजन उतरले ह्यावर पुढील लाभ अवलंबून दिसला नाही. म्हणजे त्याचे सारे श्रेय वजनघटीस देता येत नाही.

तात्पर्य, प्रस्तुत निबंधाने वजनघटीवरील आरोप दूर केला, परंतु तिचा गुण सिद्ध केला नाही. चिकित्सकाने त्यातून दोन बोध घ्यावेत. प्रयत्न न करता घटणारे वजन ही रुग्णाच्या अभिनंदनाची नव्हे, तपासणीची वेळ होय. आणि वजन उतरविण्यास सांगताना गुडघे, रक्तदाब व रक्तातील साखर यांना होणारा लाभ निःशंकपणे सांगावा. आयुर्मर्यादेचे आश्वासन मात्र पुराव्याच्या मापानेच द्यावे.