यंत्राचें वाचन आणि आमचा मुलूख

संगणकानें आंतरजालावरील मजकूर स्वतः वाचावा व त्यांतून ज्ञान मिळवावें, ही कल्पना आतां नवी राहिलेली नाहीं. अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत टॉम मिचेल व त्यांचे सहकारी यांनीं २०१० सालीं ‘नेल’ नांवाची प्रणाली रात्रंदिवस वाचावयास बसविली. शहर, नदी, खेळाडू अशा वर्गांचीं थोडथोडीं उदाहरणें तिला द्यावयाचीं. पुढचें तिनें हुडकावयाचें. एकच गोष्ट निरनिराळ्या वाक्यांत वारंवार आढळली, कीं तिजवरील तिचा विश्वास वाढे. संगणकांत साठणाऱ्या ‘इंटरनेट कुकीज’ना तिनें एकदां बेकरीच्या बिस्किटांत बसविलें, याची पुष्कळांनीं थट्टा केली. आम्हांस ती चूक क्षुल्लक वाटते. ती दिसते, म्हणून दुरुस्त होते.

आमच्याच मुलुखाकडे पाहा. सिरोंचा, अहेरी, भामरागड हा प्रदेश १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यांत होता. त्या वर्षीं गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. शिवाय जुन्या गॅझेटियरांत चंद्रपूर नाहींच, ‘चांदा’ आहे. जाणता वाचक प्रथम पुस्तकाचें वर्ष पाहतो. केवळ आवृत्ति मोजणाऱ्या वाचकास मात्र यांपैकीं एक विधान खोटें वाटावयाचें. तथापि हा पेंच सुटण्यासारखा आहे. दोन्ही काळांचें लिखाण हाताशीं आहे.

लिखाणच नसेल तेथें काय? २०११ च्या खानेसुमारींत सुमारें तीस लाख लोकांनीं गोंडी ही मातृभाषा सांगितली. तिच्या मसराम व गुंजाला या लिप्यांना संगणकाच्या युनिकोड लिपिकोशांत स्थान मिळालें तें २०१७ व २०१८ सालीं. तोंवर गोंडांविषयीं जें छापलें गेलें, तें बहुतेक इतरांनीं, इतर भाषांत. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) येथील ग्रामसभेनें एकमतानें निर्णय घेण्याची रीत घालून दिली आणि २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळविला. मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकाविषयीं आम्हांस आदर आहे. पण तें मराठींत आहे, आणि गांवची चर्चा गोंडींत झाली. ती कानांनीं ऐकावयाची होती. यंत्राच्या पदरीं पडतात तीं मराठी पुस्तकें, सरकारी अहवाल आणि गडचिरोली म्हणजे नक्षलवाद एवढेंच सांगणारीं वृत्तपत्रें. वाचन वाढविलें कीं ज्ञान वाढेल, हा शास्त्रज्ञांचा भरंवसा येथें आम्हांस पटत नाहीं. तेंच तें पुनःपुन्हां वाचून गैरसमज मात्र पक्का होईल. उद्यां धानोऱ्याच्या शाळेंतील मुलानें आपल्या गांवाविषयीं विचारलें, तर हेंच उत्तर त्याच्या हातीं पडेल, आणि तेंहि मोठ्या आत्मविश्वासानें दिलेलें!

केंद्राच्या जनजातीय कार्य मंत्रालयानें २०२५ सालीं ‘आदि वाणी’ हें भाषांतराचें साधन काढलें. त्यांत गोंडीचा समावेश आहे. हें स्वागतार्हच होय. मात्र भामरागडाकडची माडिया व मंडल्याकडची गोंडी यांत अंतर आहे. यंत्रास यांपैकीं कोणती शिकविली, आणि ती कोणाच्या तोंडून घेतली, हें त्याच्या कर्त्यांस प्रथम विचारलें पाहिजे.